शब्द: पूर्णांकयुक्त अपूर्णांक. ‘युक्त’ कशाला हवं?

पाटीपेन्सिल:
भाचीच्या वहीत काल √(२ १/४) होतं, ‘सरळ रूप द्या’. तिने उत्तर लिहिलं √२ × १/२. का, तर आदल्याच पानावर ४√३ म्हणजे ४ गुणिले √३ असं शिकवलेलं. मग २ १/४ म्हणजेही २ गुणिले १/४! मला तर तिचं पटलंच. एकीकडे गुणिले गाळायचं, दुसरीकडे अधिक गाळायचं, पोरांनी ओळखायचं कसं? आणि त्यात हा अगडबंब शब्द. सरळ ‘मिश्र संख्या’ का म्हणत नाहीत?

आडकित्ता:
‘मिश्र’वरून मिसळलंय एवढं कळतं, कसं ते कळत नाही. ‘युक्त’ म्हणजे जोडलेला, म्हणजे अधिकच. लांबलचक आहे खरा, पण गाळलेलं चिन्ह त्या शब्दात शाबूत आहे. बोलीत तर याहून सोपं: सव्वा ‘सपाद’वरून, पावासकट. साडे ‘सार्ध’वरून. पाऊण म्हणजे ‘पादोन’, पाव उणा. भाचीला वही मिटून विचारा, सव्वादोनचं वर्गमूळ किती? नऊ पाव, म्हणजे ९/४. मूळ ३/२. दीड!

दिडकी:
पुढेही बघा. अडीचचा वर्ग सव्वासहा, साडेतीनचा सव्वाबारा, साडेचारचा सव्वावीस. ‘साडे’चा वर्ग कायम ‘सव्वा’च. शेजारच्या दोन अंकांचा गुणाकार करायचा (३ × ४ = १२) नि वर पाव ठेवायचा.
साडेतीनला जुना शब्द औट. औटकी त्याचाच पाढा, औटघटकेचं राज्यही तेच. मूळ ‘अर्धचतुर्थ’: तीन पुरे, चौथा अर्धा. अडीचही तसाच, ‘अर्धतृतीय’. साडेदोन कोण म्हणतं?

पाटीपेन्सिल:
विचारलं. वही न उघडता ‘दीड’ म्हणाली! आता नवीनच: √४८ ला पुस्तकात ‘करणी’ म्हटलंय. आजीने ऐकलं नि विचारलं, कोणी केली?

आडकित्ता:
😄 शुल्बसूत्रांतला, म्हणजे यज्ञवेदी आखायच्या प्राचीन संस्कृत ग्रंथांतला शब्द. दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस ‘करणारी’ ती द्विकरणी, म्हणजे मूळ चौरसाचा कर्ण, आपलं √२. आजींना सांगा, उतारा सोपा आहे: ४८ म्हणजे १६ × ३. १६ चं मूळ ४ होऊन बाहेर येतं, ३ आतच राहतो. ४√३. आणि भाचीला सांगा, इथे मात्र मधे गुणिलेच हं.