मदत हवी आहे: 'की' (पडताळणीचा गुप्त शब्द) लावली की स्विच एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवण्याची पद्धत) सोडतो

पोर्ट_१२३:
सिस्कोचा कोअर राउटर (१०.१०.१.१) एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या) सर्व्हरवरून वेळ घेतो, खालचे स्विच त्याच्याकडून. ऑथेंटिकेशनशिवाय (कीच्या पडताळणीशिवाय) सगळं सुरळीत. स्विचवर पुढच्या ओळी टाकल्या की रीच ० (एकही ग्राह्य उत्तर नाही), स्ट्रॅटम १६ (वेळ जुळलेली नाही):

एनटीपी ऑथेंटिकेट
एनटीपी ऑथेंटिकेशन-की १० एमडी५ …
एनटीपी ट्रस्टेड-की १०
एनटीपी सर्व्हर १०.१०.१.१ की १०

की राउटरच्या रनिंग-कॉन्फिगवरूनच (चालू सेटिंगच्या यादीवरून) कॉपी केलीय, नंबरही तोच. शेवटच्या ओळीतलं 'की १०' काढलं की सिंक होतं. चुकतंय कुठे?

घटिकापात्र:
कॉपी केलीत तिथेच घोळ असणार. रनिंग-कॉन्फिगमध्ये की टाइप ७ मध्ये (सिस्कोच्या झाकण्याच्या पद्धतीत) झाकलेली दिसते आणि ओळीच्या टोकाला एक सुटा ७ असतो. तो कॉपीतून निसटला की स्विच ती हेक्सची (आकडे-अक्षरांची) माळच खरी की धरून चालतो आणि पुन्हा झाकून ठेवतो. एररही येत नाही!

दोन्हीकडची माळ मोजा. ८ अक्षरी कीची १८ भरते. झाकलेलीच पुन्हा झाकली गेली असेल तर ३८.

'नो एनटीपी ऑथेंटिकेशन-की १०' देऊन दोन्हीकडे साधी की हाताने टाका. कीत प्रश्नचिन्ह नको, आयओएस (सिस्कोची ऑपरेटिंग सिस्टिम) हेल्प उघडून बसतं. शेवटी स्पेसही राहू देऊ नका.

स्ट्रॅटम_दोन:
राउटरवरही ट्रस्टेड-की १० आहे ना, ते बघा. तरीही अडलं तर यूडीपी १२३ (एनटीपीचा पोर्ट) चं कॅप्चर घ्या, म्हणजे येणारीजाणारी पॅकेट्स टिपून बघा. एनटीपीचा साधा पेलोड (पॅकेटमधला मजकूर) ४८ बाइट, एमडी५ (कीवरून काढलेली सही) सकट ६८. स्विचकडून ६८ जाऊन उत्तर ५२ चं आलं तर तो क्रिप्टो-नॅक, म्हणजे राउटरला की पटलेली नाही. उत्तरच नसेल तर आधी एसीएल (कोणाची पॅकेट्स सोडायची याची यादी) तपासा.

पोर्ट_१२३:
राउटरवर १८, स्विचवर ३८! हाताने टाकली, 'शो एनटीपी असोसिएशन्स डिटेल'मध्ये आता 'ऑथेंटिकेटेड' दिसतंय. पण दुसऱ्या स्विचवर की नसतानाही त्याला वेळ मिळतेय. राउटरवर 'एनटीपी ऑथेंटिकेट' आहे, मग कसं काय?

घटिकापात्र:
ते बरोबरच आहे. की असते ती क्लायंटने सर्व्हरला ओळखण्यासाठी, सर्व्हरने क्लायंटला अडवण्यासाठी नव्हे. बिनकीचा प्रश्न आला की राउटर बिनकीचं उत्तर देतो. एनपीएलची ओळ कीशिवाय चालते तीही याच न्यायाने: ज्या सर्व्हर-ओळीला की नाही तिथे तपासणी नाही.

अडवायचंच असेल तर 'एनटीपी ॲक्सेस-ग्रुप सर्व्ह-ओन्ली' (यादीतल्यांनाच फक्त वेळ द्यायची) लावून त्यात तुमचे स्विच घाला. मात्र एनपीएलचा पत्ता 'पीअर'च्या (ज्यांच्याकडून वेळ घेताही येते त्यांच्या) यादीत आधी टाका, नाहीतर राउटरचीच वरची वेळ तुटेल आणि ते तासाभराने लॉगमध्ये कळेल.

स्ट्रॅटम_दोन:
रीच ३७७ (अष्टमान आकडा: शेवटच्या आठही विचारणांना उत्तर) व्हायला ६४ सेकंदांचे ८ पोल, म्हणजे साडेआठ मिनिटं लागतात. तोवर कॉन्फिगला हात लावू नका. आणि २०१९ च्या आरएफसी ८५७३ ने (इंटरनेटच्या मानकांच्या दस्तऐवजाने) एमडी५ ऐवजी एईएस-सीमॅक ही सहीची पद्धत सुचवलीय. तुमच्या आयओएसमध्ये असेल तर तेच घ्या.