भुवया गोंदवून घ्याव्यात की महिन्या-महिन्याला रंगवाव्यात? (घाम धरून उत्तर द्या)

मिऱ्याकाठची:
परवा पार्लरच्या खर्चावर बोलणं चाललं होतं, तिथे सोलकढीताईंनी लिहिलं की दर पंधरा दिवसांनी दोऱ्याखाली मान टाकणाऱ्या बायका बावळट. एकदाच पंधरा हजार मोजा, मायक्रोब्लेडिंग (बारीक सुयांनी भुवईवर केसासारख्या रेघा गोंदवणं) करून घ्या आणि जन्माच्या मोकळ्या व्हा. तिथेच उत्तर द्यायला बसले, पण ते इतकं लांबलं की वेगळा धागा काढतेय.

आधी हिशोब. आमच्याकडे आयब्रोचे ५० रुपये. वर्षात वीसदा गेलात तरी हजार. पंधरा हजारांत पंधरा वर्षं निघतात. बरं, गोंदवलेल्या भुवयांना दोरा लागत नाही हे तुम्हाला कोणी सांगितलं? रंग कातडीत बसतो. केस उगवायचे तिथे उगवतातच. म्हणजे पंधरा हजारही द्या आणि ५० रुपयेही देत राहा. आणि 'जन्माच्या'? वर्ष-दीड वर्षात फिकट होतं, फार तर तीन वर्षं. मग पुन्हा पैसे.

हे ऐकीव नाही. मी केलंय. लग्नाच्या आधी, ठाण्यात, १८ हजार देऊन. एप्रिलमध्ये. करणाऱ्या बाईने बजावलं होतं की दहा दिवस ऊन नको, वाफ नको, घाम तर अजिबात नको. एप्रिलात रत्नागिरीत घाम नको! घरात आंब्याच्या पेट्या भरायचं काम चाललेलं, लाइट गेलेली, आणि मी टिश्यूने कपाळ टिपत बसलेली. पाचव्या दिवशी खपल्या निघाल्या, त्यांच्याबरोबर निम्मा रंगही गेला. उरला तो माझ्या तेलकट कातडीत फिस्कटला. केसासारख्या बारीक रेघा काढल्या होत्या, सहा महिन्यांत दोन पट्टे झाले. वर्षभराने तांबूस दिसायला लागले. सासूबाईंनी एकदा माझ्या भुवईवर ओला रुमाल फिरवला. त्यांना वाटलं कुंकू सांडलंय.

एवढंच सांगणं आहे: आधी दोन-तीन महिने टिंट (भुवयांच्या केसांना लावायचा तात्पुरता रंग) नाहीतर मेंदी लावून बघा. आवडला नाही शेप, तर काही आठवड्यांत आपोआप जातो.

सोलकढी_फ्रिजशिवाय:
'बावळट' म्हटलं नव्हतं, 'भाबड्या' म्हटलं होतं. वाचता येत असेल तर परत वाचा.

तुमच्या हिशोबात रिक्षा कुठे आहे? मी दापोलीपासून सात किलोमीटर आत राहते. जाऊन-येऊन रिक्षाचे दीडशे आणि अर्धी दुपार. ते धरा आणि मग मला गणित शिकवा. माझी कातडी कोरडी आहे, मी डिसेंबरात केलं, सहा आठवड्यांनी टचअपला (रंग पुन्हा भरायला) गेले, आज दोन वर्षं झाली तरी रेघा दिसतात. भर एप्रिलात, पेट्या भरायच्या घरात करून घेतलंत, हा दोष मायक्रोब्लेडिंगचा की अकलेचा?

तिरफळ:
माका एक कळत नाय. आमच्या आजयेच्या हातार तुळस होती, कपाळार टिपको, हनुवटीर तीन ठिपके. जत्रेत बसान गोंदवन घेतलेले. तेका कोणी पंधरा हजार मागूक नाय. आता तीच सुई भुवयेर फिरवली की ता मायक्रो काय ता ब्लेडिंग! आजी म्हणायची, सोना-नाणा हयच रवता, गोंदण तेवढा वरती वांगडा येता. तुमचा तर दोन वर्सांत जाता. मगे वरती काय घेऊन जातलास?

मिऱ्याकाठची:
तिरफळ, हसू आलं, पण दोन्ही एक नाहीत. गोंदण खोल जातं म्हणून जन्मभर टिकतं. मायक्रोब्लेडिंगमध्ये सुया वरच्या थरातच ठेवायच्या असतात. चुकून खोल गेल्या तर रंग करडा-निळा दिसतो आणि मग तो जातही नाही. तुमच्या आजीचे ठिपकेही हिरवट-निळे झाले असणार.

तिरफळ:
झालेले. पण बरे दिसत.

चाकरमानी_गणपतीपुरता:
जत्रेतल्या गोंदणाचं कौतुक पुरे. एकच सुई सकाळपासून संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाला. कावीळ ब असली तर? लोकांनी रोग घरी नेले आणि वर पुण्य मिळालं म्हणून सांगितलं. भुवयांचंही तेच आहे. सुई तुमच्यासमोर नवीन पाकिटातून फोडली का, एवढं तरी विचारा. आणि अजून एक, जे तुम्हाला कोणी पार्लरवाली सांगत नाही: मी दंडावर टॅटू काढला आणि गावच्या रक्तदान शिबिरातून परत आलो. एक वर्ष थांबा म्हणाले. भुवई असो की दंड, सुई ती सुईच.

तिरफळ:
आमची आजी नव्वद वर्सां जगली. तुमच्या दंडाक काय झाला ता सांगा.

कोकमाचं_आगळ:
आता गोंदणाचं निघालंच आहे तर सांगते. माझ्या आईच्या कपाळावर लहानपणी अर्धचंद्र गोंदवला होता, संगमेश्वरकडच्या एका गावात. पुढे ती मुंबईला नोकरीला लागली. ऑफिसातल्या बायका कुजबुजायच्या, गावंढळ म्हणायच्या. आईने बत्तीस वर्षं त्यावर मोठी टिकली लावली. रिटायर झाल्यावरच टिकली लहान केली. ज्या आजीने हौसेने गोंदवलं तिला कधी कल्पनाही नसेल की हे कुणाला लपवावं लागेल.

म्हणून मला या कायमच्या भुवयांची भीती वाटते. आम्ही कॉलेजात होतो तेव्हा पेन्सिलीच्या रेघेएवढ्या भुवयांची टूम होती. आता जाड हव्यात. त्या वेळी कोणी बारीक गोंदवून घेतल्या असत्या तर?

सोलकढी_फ्रिजशिवाय:
तर दोन वर्षांत गेल्या असत्या! आत्ताच वर लिहिलंय ना की टिकत नाही? एकतर टिकत नाही म्हणून रडा, नाहीतर जात नाही म्हणून. दोन्ही एकाच धाग्यात चालणार नाही.

मिऱ्याकाठची:
दोन्ही होतं, तेच तर दुखणं आहे. रेघ जाते, डाग राहतो. लेसरने काढायचं म्हणून मी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, या रंगांत लोखंडाचं नाहीतर टायटॅनियमचं ऑक्साइड असेल, तर लेसर मारल्यावर आधी काळं पडू शकतं. तांबूस पट्टे परवडले म्हणून घरी आले.

आंबाघाट_पार:
इतका वेळ नुसतं वाचत होते. तुमच्या सगळ्यांच्या भुवया आहेत, म्हणून 'आवडला नाही शेप' वगैरे सुचतं. मला थायरॉइड आहे. भुवईचा बाहेरचा एक तृतीयांश भाग गळून गेला. गोळी चालू झाल्यावर थोडे केस परत आले, सगळे नाही. मी शाळेत शिकवते, रोज दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला जाते. सकाळी पेन्सिलीने भुवई काढायची, जेटीवर पोचेपर्यंत घामाने ती गालाकडे. एकदा चौथीतल्या पोराने विचारलं, "बाई, तुम्हाला कोणी मारलं का?"

टिंट केला. टिंट केसाला लागतो, कातडीवरचा चार दिवसांत जातो. जिथे केसच नाही तिथे काय रंगवणार? लॅमिनेशन म्हणजे आहेत ते केस औषधाने मऊ करून वर वळवायचे. माझ्याकडे वळवायला काय आहे? मेंदी आठवडाभर बरी दिसली, मग पुन्हा तेच. शेवटी आंबा घाट ओलांडून कोल्हापूरला गेले आणि मशीनने ठिपक्या-ठिपक्यांची भुवई करून घेतली, पावडर ब्रो म्हणतात ती. माझीही कातडी तेलकटच. तिथल्या बाईनेच सांगितलं की तुम्हाला रेघा नकोत, फिस्कटतील. दोनदा जावं लागलं, त्यातलं एकदा टचअपला. दर खेपेला घाटात ओकले. तरी पैसे वसूल. मिऱ्याकाठची, तुम्हाला ठाण्यातल्या बाईने कातडी बघून रेघा नाकारायला हव्या होत्या. ते तिने केलं नाही. त्याचा राग सगळ्यांवर का काढता?

मिऱ्याकाठची:
हे मान्य. केसच नसतील तर गोष्ट वेगळी, हे मी लिहायला हवं होतं. पण पंधरा हजारांनी 'मोकळ्या व्हा' हे तुमच्यासाठी लिहिलेलं नव्हतं, धडधाकट भुवयांच्या बायकांना बावळट, माफ करा, भाबड्या म्हणण्यासाठी लिहिलं होतं.

दोऱ्याचं_टोक:
मी पार्लर चालवते, दापोलीतच, अकरा वर्षं. जरा आमचंही ऐका.

पन्नास रुपये म्हणून सगळ्यांनी इथे हिशोब मांडले. त्या पन्नासात दोरा, पावडर, कोरफडीचं जेल, गाळ्याचं भाडं, आणि तासन्‌तास वाकून माझी मान. त्यातही "चाळीस घे ना गं, नेहमीची आहे". चतुर्थीला मुंबईहून आलेल्या बायका पाच मिनिटं उशीर झाला तर "मुंबईत असं नसतं" म्हणतात. मग मुंबईतच करून या ना! त्याच बायका तिकडे १८ हजार देताना दहा रुपये कमी करा म्हणत नाहीत. एकीने मला विचारलं होतं की दोरा दातात का धरतेस, घाण वाटतं. बरोबर बोलली. तेव्हापासून मी टोक गळ्यात बांधते. पण तिकडे सुई कोणती, रंग कोणत्या कंपनीचा, बाटली कधी उघडली, हे यांनी विचारलं होतं का?

आता तात्पुरतं म्हणजे निर्धोक असं जे वर धरून चाललंय, तेही खोटं आहे. काळी मेंदी म्हणून मिळते तिच्यात केसांच्या डायचं रसायन असतं, पीपीडी. एक मुलगी हळदीच्या आदल्या दिवशी आली, "आत्ताच्या आत्ता लाव". मी म्हटलं, कानामागे लावून दोन दिवस बघावं लागतं. तिला वेळ नव्हता. दुसऱ्या पार्लरात लावून घेतलं. हळदीला तिचे डोळे सुजून बंद. फोटोत ती गॉगल लावून बसलीय. लॅमिनेशनचंही तसंच. दर पंधरा दिवसांनी मागायला लागल्या तर केस काडीसारखे तुटतात. सहा-आठ आठवडे मध्ये गेलेच पाहिजेत. मी नाही म्हणते तर दुसरीकडे जातात.

मिऱ्याकाठची:
मेंदीचं माहीत नव्हतं. आधी टिंट नाहीतर मेंदी लावा म्हणताना कानामागचे दोन दिवस धरा. टिंटलाही धरा.

चाकरमानी_गणपतीपुरता:
पुरुष म्हणून एक प्रामाणिक प्रश्न. भुवया आहेत तशा ठेवल्या तर काय बिघडतं?

तिरफळ:
तुमी मिशी काळी करतास की नाय ता आधी सांगा.

चाकरमानी_गणपतीपुरता:
विषय मिशीचा नाही.

कोकमाचं_आगळ:
म्हणजे करता.

सोलकढी_फ्रिजशिवाय:
कळलं, मीच वाईट. तरी ज्यांना करायचंच आहे त्यांच्यासाठी लिहिते, म्हणजे कोणी पुन्हा एप्रिलात करणार नाही. डिसेंबर-जानेवारीत करा. पहिले तीन-चार दिवस कोळशाने काढल्यासारखं काळंभोर दिसतं. घाबरू नका. खपली नखाने काढू नका. दोन आठवड्यांनी सगळं गेलं असं वाटतं, तेव्हाही घाबरू नका, महिन्याभरात रंग परत वर येतो. टचअप त्यानंतरच. दहा दिवस समुद्रात बुडी नाही, भाताच्या वाफेवर तोंड नाही. गरोदर असाल, जखमेवर गाठी उठत असतील, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असतील, तर करूच नका. मुरमांची ती जोरकस गोळी (आयसोट्रेटिनॉइन) घेत असाल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही.

आंबाघाट_पार:
हे पहिल्या पोस्टमध्येच लिहिलं असतं तर भांडण झालं नसतं.

सोलकढी_फ्रिजशिवाय:
भांडण झालं नसतं तर हे लिहिलंही नसतं.

मिऱ्याकाठची:
आंबाघाट, कोल्हापूरच्या त्या बाईचा पत्ता व्यक्तिगत निरोपात द्याल का? माझ्यासाठी नाही. मावशीच्या भुवया केमोत गेल्या. तिच्या डॉक्टरांनी हो म्हटलं तरच, आणि डिसेंबरातच.

आंबाघाट_पार:
पाठवला. सकाळची एसटी धरा आणि खिडकीकडे बसवा त्यांना. आल्याची वडी बरोबर असू द्या.

दोऱ्याचं_टोक:
सोलकढीताई, दापोलीजवळ म्हणजे आमच्याच भागातल्या तुम्ही. गोंदवलं तरी आजूबाजूचे केस काढायला कोणाकडे तरी जातच असाल.

सोलकढी_फ्रिजशिवाय:
...जाते. महिन्यातून एकदा.

दोऱ्याचं_टोक:
चतुर्थीआधी गर्दी असते, दुपारी दोन ते चारमध्ये या.

सोलकढी_फ्रिजशिवाय:
पन्नासच ना?

दोऱ्याचं_टोक:
साठ झाले.