मदत हवी आहे: सहावा महिना लागलाय, हिरड्यांतून रक्त येतंय, आधीच्या खेपेला बीपीचा त्रास होता

अबोली:
जरा सविस्तर लिहिते, कंटाळू नका.

मला २२ वा आठवडा चालू आहे, ही दुसरी खेप. पहिल्या वेळी ३४ व्या आठवड्यात बीपी १६०/११० वर गेलं, लघवीत प्रोटीन सापडलं, पाय चपलेत मावेनात. दोन दिवसांत सिझर झालं आणि बाळ नऊ दिवस काचेच्या पेटीत. ती आता चार वर्षांची आहे, घर डोक्यावर घेते, पण त्या नऊ दिवसांची धास्ती काही जात नाही. म्हणून यावेळी मॅडमनी १३ व्या आठवड्यापासूनच रात्रीची १५० ची ॲस्पिरिन आणि ५०० चं कॅल्शियम दोन वेळा असं चालू केलंय. परवाचं बीपी १२६/८२.

आता मुद्दा. तिसऱ्या महिन्यापासून हिरड्या सुजल्यात. ब्रश केला की बेसिन गुलाबी होतं, पेरू चावला तर फोडीवर रक्ताचा डाग. गेल्या आठवड्यात दातांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी बारीक सळईसारखं काहीतरी हिरडीत सरकवत किती खोल जातं त्याचे आकडे सांगायला सुरुवात केली, मदतनीस मुलगी लिहून घेत होती. तीन, तीन, पाच, सहा. सहा ऐकल्यावर तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. हिरडी दातापासून सुटलीय म्हणे, भूल देऊन दोन बैठकांत खोल सफाई करावी लागेल. वर जाता जाता म्हणाले, हिरड्यांचा आजार आणि गरोदरपणातलं बीपी यांचा संबंध असतो. झालं, माझी झोप उडाली.

सासूबाईंचं म्हणणं, पोटुशीनं दाताला हत्यार लावून घेऊ नये, बाळ कॅल्शियम ओढून घेतं म्हणून दात हलतातच. त्यांनी दिलेली मिश्री सकाळी जरा लावते, त्यानं तेवढ्यापुरतं रक्त थांबतं. नवरा म्हणतो मॅडमना विचार, आणि मॅडमची तारीख १२ दिवसांनी.

सफाई आत्ता करून घेऊ की बाळंतपणानंतर? ॲस्पिरिन थांबवावी लागेल का? आणि हिरड्या बऱ्या झाल्या तर यावेळी बीपी टळेल का?

कोरांटी:
मी सहाव्या महिन्यात सफाई आणि दोन दाढा भरणं, सगळं करून घेतलंय. उताणं झोपून मळमळतं, तेव्हा उजव्या कुशीखाली उशी मागून घे, म्हणजे अंग डावीकडे कलतं. माझ्या डॉक्टरांकडे उशी नव्हती, त्यांनी स्वतःचा कोट गुंडाळून दिला.

निवांत दुपार:
मी दंतवैद्य आहे. तुमचं तोंड पाहिलेलं नाही, तेव्हा सर्वसाधारण सांगते.

सफाई आत्ताच करा. चौथा ते सहावा महिना त्यासाठी सोयीचा, पुढे पोटामुळे खुर्चीत बसवत नाही. लिग्नोकेनची भूल चालते. ॲस्पिरिन स्वतःहून अजिबात बंद करू नका, थोडं जास्त रक्त येईल, बोळा दाबून धरला की थांबतं. आधीच्या बीपीचा इतिहास आणि चालू गोळ्या मात्र खुर्चीत बसण्याआधी सांगा, आणि मॅडमना १२ दिवस थांबण्यापेक्षा एक फोन करा. दुखलं तर पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक घरात पडलेलं असलं तरी घ्यायचं नाही.

बाळ दातातलं कॅल्शियम ओढत नाही. गरोदरपणातल्या संप्रेरकांमुळे हिरड्या किटणाला जास्तच चिडतात, फुगतात. त्यात ब्रश करताना रक्त येतं म्हणून आपण ब्रश हलका करतो, किटण वाढतं, रक्त आणखी. तेव्हा मऊ ब्रश घ्या, पण हिरडीच्या कडेला फिरवाच. उलटी झाली तर लगेच ब्रश नको, आधी नुसत्या पाण्यानं चूळ, ब्रश अर्ध्या तासानं.

बीपीबद्दल खरं सांगायचं तर, ज्यांच्या हिरड्या खराब त्यांच्यात प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणात बीपी चढून लघवीत प्रोटीन जाणं, तुम्हाला पहिल्या खेपेला झालं तसं) जास्त दिसतो, असं बऱ्याच पाहण्यांत आलंय. हिरडीतली सूज रक्तात उतरते आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तराला त्रास देते, असा त्यामागचा तर्क. पण तंबाखू, मधुमेह, जादा वजन ही कारणं दोन्हींकडे सारखीच. अमेरिकेत ८२३ गर्भवतींवर मोठी चाचणी झाली, २००६ साली छापून आली. निम्म्यांच्या हिरड्यांवर गरोदरपणातच उपचार केले, बाकीच्यांवर नंतर. उपचारानं हिरड्या सुधारल्या, बाळांना इजा झाली नाही, पण मुदतीआधीची बाळंतपणं १२ टक्के विरुद्ध १२.८ टक्के, म्हणजे जवळपास तेवढीच. सफाईनं बीपी टळतं असंही ठामपणे दाखवता आलेलं नाही. हिरड्यांसाठी सफाई करा, बीपीसाठी ॲस्पिरिन आणि तपासण्या चुकवू नका.

घोटभर चहा:
+१. आणि बीपी वाढून निफेडिपिन चालू झाली तर लक्षात असू द्या, तिनं हिरड्या फुगतात. माझ्या वेळी मी किडलेली दाढ समजून दोन महिने लवंग चावली. गोळी मनानं बंद करू नका, डॉक्टर बदलून देतात.

भाकरतुकडा:
सगळे सफाईवर बोलताय. ती मिश्री कुणाला दिसली नाही का? अबोलीताई, मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. रक्त थांबतं ते निकोटीननं रक्तवाहिन्या आकसतात म्हणून, आजार तसाच राहतो. त्याच निकोटीननं बीपीही चढतं. मुंबईत १२१७ गर्भवतींची पाहणी झाली होती, २००४ ची. बिनधुराचा तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी निघाली, आणि त्यातल्या बहुतेकजणी मिश्रीवाल्याच होत्या. डॉक्टरांना सांगितलंय का हे?

अबोली:
नाही सांगितलं. तंबाखू खाता का विचारलं, मी नाही म्हटलं. खात नाहीच ना, लावते.

आणि "सकाळी जरा" असं लिहिलं खरं, पण आता दुपारी भांडी झाल्यावरही लागते. नाही लावली की डोकं धरतं. आमच्याकडे सगळ्याच बायका लावतात हो, न्हाणीघराच्या फळीवर साबणाशेजारी डबी असते. ते व्यसन वगैरे कधी वाटलंच नाही.

निवांत दुपार:
बरं झालं बोललात. चार-पाच दिवस डोकं धरेल, चिडचिड होईल, आणि रक्त आधीपेक्षा जास्त दिसेल. घाबरून परत लावू नका. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडवण्याची सरकारी मोफत फोनसेवा आहे, तिथं गरोदर आहे हे आधी सांगा.

एक मात्र ठाम. डोकेदुखी आली की मिश्रीची तलफ म्हणून सोडून देऊ नका. पाच मिनिटं पाठ टेकून बसा आणि दंडावर पट्टा बांधून बीपी मोजा. १४०/९० किंवा वर असेल तर त्याच दिवशी मॅडमकडे. १६०/११० असेल, किंवा डोळ्यांपुढे काजवे, उजव्या बरगडीखाली दुखणं, धाप, चेहरा अचानक सुजणं यातलं काही असेल, तर रात्र असली तरी १०८ बोलवा. हिरड्यांतून आपोआप रक्त येऊन अंगावर काळेनिळे डाग दिसले तरी तसंच, प्लेटलेट तपासाव्या लागतात.

अबोली:
तीन आठवड्यांनी लिहितेय. दोन्ही बैठका झाल्या. मॅडमनी फोनवरच हो म्हटलं, ॲस्पिरिन चालूच ठेवली. मिश्रीचं सांगितल्यावर रागावल्या नाहीत, नुसतं कागदावर लिहून घेतलं, तेच जास्त लागलं. मिश्री सोडून १७ दिवस झाले, मधे एकदा चुकले. डोकं दुखलं तेव्हा बीपी १२८/८२ होतं. बेसिन आता पांढरंच राहतं.

सासूबाईंनी त्यांची सोडलेली नाही. पण डबी न्हाणीघराच्या फळीवरून गोठ्यात गेलीय, आणि लावायला त्या तिकडेच जातात.