शब्दचर्चा: 'कौतुक' आणि 'दाद' यांत नेमका फरक काय?

अंगणवेल
नमस्कार मंडळी, दोन आठवडे आमचं एका शब्दावर अडलंय म्हणून इथे विचारतेय. आमच्या कॉलनीच्या समाजमंदिरात दर रविवारी सकाळी चित्र, गाणं आणि नाटकाचा वर्ग भरतो. येणाऱ्यांत काही जण डोळ्यांनी अधू, काही कर्णबधिर, दोघं व्हीलचेअरवर, तिघांना डाउन सिंड्रोम, आणि बाकी आजूबाजूचीच मुलं नि रिटायर झालेले काका-मावश्या. वर्षातून एकदा सगळ्यांचा मिळून कार्यक्रम होतो. यंदाच्या पत्रिकेसाठी एकाने मजकूर लिहून आणला, "दिव्यांगांच्या सुप्त कलागुणांना वाव देण्यासाठी भव्य कौतुक सोहळा". मी तो वाचून दाखवला तर आमचा तबलजी, वय सव्वीस, त्याला दिसत नाही, तो म्हणाला, "ताई, कौतुक नको, दाद हवी." मी म्हटलं अरे एकच की ते. तो म्हणाला, एक नाही. त्याला नीट फोड करून सांगता येईना आणि मला तरी कुठे येतेय, पण तेव्हापासून वाटतंय की तो म्हणतो ते खरंय. जाणकारांनी सांगावं.

पाटीपेन्सिल
कौतुक संस्कृतातून आलेला शब्द, मूळ अर्थ कुतूहल, नवल, बघण्यासारखी गोष्ट. हिंदीत अजून तमाशा, खेळ अशा अर्थाने येतो. ज्ञानेश्वरीत 'माझा मराठाचि बोलु कौतुकें' आहेच, तिथे कौतुकाने म्हणायचं की सहज, लीलेने यावर अभ्यासकांची वेगवेगळी मतं आहेत. आजच्या मराठीत मात्र कौतुक वरून खाली वाहतं. आजी नातवाचं करते, सासू (कधीमधी) सुनेचं करते, मास्तर विद्यार्थ्याच्या पाठीवर कौतुकाची थाप मारतात. नातू आजीचं कौतुक करतो असं म्हटलं तरी ऐकणाऱ्याला त्यात थोडी गंमत वाटते. शिवाय मूळचा नवलाचा अर्थ पुरता गेलेला नाही, 'काय बाई कौतुक' म्हणताना तो बरोब्बर वर येतो. तुमच्या तबलजीला बहुतेक तेच टोचलंय, की माझ्या वाजवण्याचं नाही, मी वाजवतो याचंच नवल चाललंय.

बार्शीकर
दाद फारसीतून आलाय आणि तिथे त्याचा अर्थ न्याय!! म्हणून तर आपल्याकडे दाद-फिर्याद आहे, पेपरात 'उच्च न्यायालयात दाद मागितली' असतं, आणि कुठे ऐकून घेतलं नाही की आपण म्हणतो दाद लागली नाही. गाण्याच्या बैठकीतली दाद हीच. गवयाने जागा घेतली आणि ऐकणाऱ्याने त्या जागेला न्याय दिला. म्हणजे दाद मागता येते, तो हक्क आहे. कौतुक मागितलं तर माणूस हावरा दिसतो, ते दुसऱ्याने आपणहून करायचं असतं. मला तरी एवढ्यावरच तुमच्या पत्रिकेचा निकाल लागलेला दिसतो.

दुपारची शाळा
थोडं वेगळं लिहिते, राग मानू नका. माझा मुलगा नऊ वर्षांचा, स्वमग्न आहे, बोलत नाही. त्याच्या वाट्याला कौतुकच कमी आलंय हो. लग्नाकार्यात, वाढदिवसाला लोक त्याच्याकडे बघणं टाळतात. मागच्या दिवाळीत त्याच्या शाळेने पणत्या रंगवून विकायला ठेवल्या होत्या, त्याने एक पणती तासभर घेऊन बसून काठावर पांढऱ्या रंगाचे ठिपके दिले होते, एकाला एक लागू न देता. शेजारच्या काकूंनी ती हातात फिरवून म्हटलं, "अगोबाई, किती निगुतीने केलंय." मी घरी येऊन रडले. याला तुम्ही कौतुक म्हणा नाहीतर दाद म्हणा, पण कौतुक हा शब्दच वाईट असं ठरवू नका.

पाटीपेन्सिल
ताई, राग कसला. पण काकू काय म्हणाल्या ते परत बघा. 'निगुतीने' म्हणाल्या. म्हणजे त्यांनी ठिपके पाहिले. मला तर ती शंभर टक्के दाद वाटते. नुसतं 'या मुलांनी केल्यात, घ्या दोन डझन, तेवढीच मदत' असं म्हणून पिशवीत टाकल्या असत्या तर पणती कुणी बघितलीच नसती.

मेघ
याच घरातला अजून एक शब्द, उत्तेजनार्थ. शाळेत असताना चित्रकलेच्या प्रत्येक स्पर्धेत मला उत्तेजनार्थ मिळालं आहे, मी कुबड्या घेऊन चालते. एकदा तर माझं चित्र वेळेत पोचलंच नव्हतं, तरी यादीत नाव होतं. त्या दिवसापासून मी स्पर्धेला चित्र दिलं नाही, अकरा वर्षं. आता परत काढते, विकते पण. कृपया तुमच्या कार्यक्रमात सरसकट प्रमाणपत्रं वाटू नका.
दुसरं म्हणजे इतर बायका शनिवारी ब्रश धरतात तो छंदवर्ग आणि मी धरला की ती थेरपी, कलोपचार, असं का? ज्यांना खरोखर उपचार म्हणून हवंय त्यांच्यासाठी शिकलेले लोक आहेत, ते वेगळं काम आहे आणि गरजेचं आहे. मला उपचार नको होता, मला जलरंगात आभाळ जमत नव्हतं.

खुणेची पाटी
कर्णबधिर मुलांना शिकवतो, म्हणून टाळ्यांबद्दल. आमची मुलं टाळी वाजवत नाहीत, दोन्ही हात वर करून पंजे हलवतात, अख्खं सभागृह एकदम तसं करतं तेव्हा वाऱ्यावर पिंपळ सळसळल्यासारखं दिसतं. स्टेजवरच्या कर्णबधिर कलाकाराला तीच दाद पोचते. पण तुमच्या तबलजीला ती पोचणार नाही, त्याला आवाज लागतो. तेव्हा दोन्ही करा, आणि हे निवेदकाने सुरुवातीलाच सांगा.
आणि पत्रिकेत मूकबधिर नको. ऐकू येत नाही म्हणून मुका, हे जोडीने चालत आलेलं आहे पण खरं नाही, त्यांना भाषा आहे. 'खाणाखुणा' पण नको, सांकेतिक भाषा म्हणा, तिला व्याकरण आहे, नुसते हातवारे नव्हेत.

बार्शीकर
मग दिव्यांग लिहायचं की अपंग? आधी सरकारी पाटीवर अपंग कल्याण होतं, पंतप्रधानांनी डिसेंबर 2015 मध्ये दिव्यांग शब्द सुचवला, आणि 2022 मध्ये महाराष्ट्रात दिव्यांग कल्याण विभागच वेगळा निघाला.

मेघ
माझ्या कार्डावर जे आहे ते असू दे, कार्ड काढायला, सवलत मागायला तो शब्द लागतो. पण स्वतःबद्दल बोलताना मी दिव्य नाही, पायाने अधू आहे. 'अधू' मला आवडतो, बघा ना, आपण पायाने अधू, डोळ्याने अधू, असं म्हणतो, म्हणजे काय कमी आहे ते त्या अवयवापुरतंच राहतं, सगळ्या माणसावर पसरत नाही. अर्थात दिव्यांग म्हटलेलं आवडणारी माणसं माझ्याच ओळखीची आहेत, त्यांना विचारून घ्यावं.
कायद्यातला शब्द मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा. अपंगत्व असलेल्या व्यक्तींच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात 21 प्रकारचं अपंगत्व धरलंय (1995 च्या कायद्यात 7 होते) आणि त्याच्या कलम 29 मध्ये संस्कृती आणि करमणुकीबद्दल लिहिलंय, तिथे अपंगत्व असलेल्या कलाकारांना आणि लेखकांना सुविधा, आधार द्यावा असं आहे. कलाकार! सुप्त कलागुण असलेले लाभार्थी नाहीत. याच हक्कांबद्दल संयुक्त राष्ट्रांचा 2006 चा करार आहे, त्याच्या कलम 30 मध्ये तर म्हटलंय की ही कला फक्त त्यांच्या स्वतःच्या भल्यासाठी नाही, समाज समृद्ध व्हावा म्हणूनही आहे.

पाटीपेन्सिल
नावाचं उदाहरण हवं असेल तर आनंदवनाच्या वाद्यवृंदाचं बघा, स्वरानंदवन. त्यात अंध, कर्णबधिर, हातापायाने अधू, कुष्ठरोगातून बरे झालेले असे कलाकार आहेत, पण नावात फक्त स्वर आणि गाव. आणि तेच आनंदवन चालवणाऱ्या 1949 च्या संस्थेचं नाव महारोगी सेवा समिती, त्या काळात लोकांच्या तोंडी होता तो शब्द. एकाच अंगणात दोन काळ.

अंगणवेल
सगळ्यांचे मनापासून आभार. हे सगळं मी काल आमच्या तबलजीला वाचून दाखवलं. त्याने ऐकून घेतलं आणि मग सांगितलं, जे त्या दिवशी सांगता आलं नव्हतं. मागच्या वर्षी त्याला हाताला धरून स्टेजवर आणलं तेव्हाच टाळ्या सुरू झाल्या, अजून तबल्याला हात लागला नव्हता, आणि त्या इतक्या चालल्या की पेशकाराची (एकल तबल्यात आधी संथ वाजवतात त्याची) सुरुवात त्यातच बुडाली. पुढे त्याने एक अवघड तिहाई घेतली, म्हणजे एकच बोल तीनदा वाजवून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायचं. दोन महिने त्यावर बसला होता, बरोब्बर समेवर आला, आणि सभागृह गप्प. पेटीवर लेहरा (तालाबरोबर फिरत राहणारी धून) धरणारे काका तेवढे "वा" म्हणाले. म्हणाला, "ताई, कौतुक मी वाजवायच्या आधी झालं. दाद समेवरच येते, कारण ती द्यायला मात्रा मोजत बसावं लागतं."

तर पत्रिका अशी ठरली: 'रविवारच्या वर्गाचा कार्यक्रम. तबलावादन, चित्रप्रदर्शन, नाटुकलं.' खाली कलाकारांची नावं, कुणापुढे काही विशेषण नाही. चित्रांच्या किमती लिहिल्यात. सांकेतिक भाषेत सोबत निवेदन होईल, व्हीलचेअर आत येईल, ही माहिती तळाशी, आणि 'दाद आवाजाने आणि हात हलवून, दोन्ही द्यावी' अशी ओळ. उत्तेजनार्थ, सुप्त, भव्य, सगळं काढलं.

एक राहिलंच. सभागृहाच्या दाराला रॅम्प आहे पण स्टेजला तीन पायऱ्या, म्हणजे व्हीलचेअरवरच्या माणसाने प्रेक्षक म्हणून यावं एवढंच बांधणाऱ्याच्या डोक्यात आलं असणार. आमच्यातल्या एकांनी स्टेजसाठी जाड प्लायचा रॅम्प जोडून दिलाय, परवा चाकं चढवून बघितली, थोडा उभा होतोय म्हणून अजून दोन फूट लांब करणार. पत्रिकेत त्याला काय म्हणायचं, उतार, चढण, सुगम्य मार्ग, यावर परत वाद सुरू होत होता, तर सुतारदादा म्हणाले, "उतरण म्हणा की, आम्ही उतरणच म्हणतो." तेच छापायला दिलं.