नाशिकहून आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन समुद्रकिनारी: परवडणारे हॉटेल कसे निवडावे?

गंगापूररोडकर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. आमच्या मुलीला आठवा महिना चालू आहे. नाशिकची जानेवारीतील थंडी तिलाही सोसत नाही आणि माझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांनाही, त्यामुळे महिनाअखेरीस दोन-तीन रात्री समुद्रकिनारी राहून यावे असा विचार घरात चालू आहे. यजमानांचे मित्र अलिबाग सुचवतात, तर सासूबाईंचे मत गणपतीपुळ्याकडे झुकते, कारण तेथे दर्शनही होईल. आमच्याकडे लहान गाडी आहे आणि खोलीसाठी रात्रीला ३,००० रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे.

माझी अडचण अशी की हॉटेलांच्या छायाचित्रांत पोहण्याचा तलाव, झोपाळे आणि मावळतीचा सूर्य दिसतो, परंतु बाळ सोबत असताना ज्या गोष्टी लागतात त्यांच्याविषयी एक अक्षरही नसते. मागे एका लग्नाच्या निमित्ताने आम्ही ज्या हॉटेलात उतरलो होतो, तेथे रात्री नऊनंतर स्वयंपाकघर बंद होते या कारणावरून कपभर गरम पाणीसुद्धा मिळाले नव्हते. तेव्हा कोणता किनारा निवडावा आणि पैसे भरण्यापूर्वी फोनवर नेमके काय विचारून घ्यावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

दोन लेकरांची आई, इंदिरानगर

ताई, सर्वप्रथम गणपतीपुळे या खेपेस बाजूला ठेवा, असे मी आग्रहाने सांगेन. नाशिकहून ते अंतर ४०० किलोमीटरहून अधिक आहे, आणि दर दीड-दोन तासांनी बाळाला पाजायला, लंगोट बदलायला गाडी थांबवावी लागणार असेल तर जाण्यातच एक अख्खा दिवस खर्ची पडतो. अलिबाग सुमारे २५० किलोमीटर आहे, पण ठाणे ते पनवेल आणि पुढे पेण या टप्प्यात वाहतूक कधी अडकेल याचा भरवसा नसतो, आणि सुट्टीच्या दिवशी तेथील दरही तुमच्या मर्यादेबाहेर जातात. त्यामानाने पालघर जिल्ह्यातील केळवे, डहाणू आणि बोर्डी हे किनारे आपल्याला १५० किलोमीटरच्या आसपास पडतात. त्र्यंबकेश्वर, मोखाडा, जव्हार आणि तेथून कासा-चारोटीमार्गे डहाणू, असा हा रस्ता आहे. केळव्याला जायचे असल्यास जव्हारहून विक्रमगड, मनोर, पालघर असे उतरावे. मोखाड्याच्या अलीकडे-पलीकडे वळणे बरीच आहेत, म्हणून बाळाला निघण्याच्या अगदी तोंडावर पोटभर पाजू नये, थोडे आधी पाजावे आणि जव्हारला निवांत थांबावे. बाळाला पुढच्या आसनावर मांडीवर घेऊन बसणे मात्र कटाक्षाने टाळावे. मागच्या आसनावर, मागे तोंड करून बसवायची बाळाची सीट पट्ट्यांनी घट्ट बांधलेली असावी.

आता खोलीविषयी. समुद्र दिसणारी खोली घेण्याचा मोह आवरावा. आपल्याकडे समुद्र पश्चिमेला असल्यामुळे समुद्राकडे तोंड असलेली खोली दुपारी तीननंतर तापते, आणि नेमकी तीच बाळाच्या झोपेची वेळ असते. मागच्या बाजूची, वाडीकडे उघडणारी खोली थंड राहते, किनाऱ्यावरच्या गोंगाटापासून दूर असते आणि वर ती स्वस्तही मिळते. समुद्र पाहण्यासाठी आपण किनाऱ्यावर जाणारच आहोत, मग तो खिडकीतून पाहण्याचे वेगळे पैसे का मोजावेत? शिवाय खोली तळमजल्यावर मागावी. बाळाचे सामान आणि सासूबाईंचे गुडघे या दोन्ही दृष्टींनी ते सोयीचे पडेल.

फोनवर विचारताना ‘गरम पाणी आहे का’ असा प्रश्न विचारू नये, कारण त्याचे उत्तर सर्वत्र ‘आहे’ असेच मिळते. गरम पाणी किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत असते आणि ते सोलरचे आहे की गिझरचे, असे विचारावे. सोलरचे पाणी सकाळी पहिल्या चार खोल्यांत संपते. तसेच स्वयंपाकघर किती वाजता बंद होते, बिनतिखटाची मऊ मुगाची खिचडी करून देतील का, आणि वीज गेल्यास इन्व्हर्टरवर खोलीतला पंखा चालतो की नुसता दिवा लागतो, हेही विचारावे. ही उत्तरे देताना समोरचा माणूस कंटाळला, तर त्या हॉटेलाचा नाद सोडावा. किनाऱ्यालगतच्या ‘घरगुती राहण्याची सोय’ अशी पाटी असलेल्या घरांचाही अवश्य विचार करावा. तेथे स्वयंपाकघर घरचेच असल्याने रात्री अकरालाही कोणी तरी दूध कोमट करून देते.

मूळचा चिंचणीकर, मुक्काम सातपूर

वरच्या वहिनींनी खोलीचे सर्व सांगितलेच आहे, म्हणून मी समुद्राविषयी लिहितो. आमच्या बाजूचा किनारा अतिशय सपाट आहे. ओहोटीला पाणी इतके लांब जाते की उरतो तो ओल्या वाळूचा आणि चिखलाचा पट्टा, आणि बाळाला कडेवर घेऊन त्यातून पाण्यापर्यंत चालत जाणे कोणालाही परवडत नाही. नाशिकहून हौसेने आलेली मंडळी संध्याकाळी पाच वाजता किनाऱ्यावर उभी राहून ‘समुद्र कुठे आहे’ असे विचारताना मी लहानपणापासून पाहत आलो आहे.

यावर उपाय कालनिर्णयात आहे. आमच्याकडचा जुना हिशेब असा की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते. पौर्णिमा किंवा अमावास्या असेल तर पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येते, आणि संध्याकाळी सहाला समुद्र पार आत गेलेला असतो. अष्टमीला हाच हिशेब सहावर येतो, म्हणजे सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला पाणी किनाऱ्याशी असते आणि ऐन दुपारी, तुम्ही खोलीत असताना, ओहोटी असते. दुसरे असे की पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात भरती-ओहोटीतील फरक चार मीटरांहूनही अधिक होतो, पण अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, त्यामुळे पाणी फार वर चढत नाही, फार मागे हटत नाही आणि त्याला ओढही कमी असते. म्हणून शुक्ल असो वा कृष्ण, षष्ठी ते नवमी या दरम्यानचे दिवस निवडावेत आणि त्यातही शनिवार-रविवार टाळावा. हा हिशेब ढोबळ आहे, तेव्हा नेमकी वेळ किनाऱ्यावर पोहोचल्यावर एखाद्या मच्छीमाराला विचारून घ्यावी. भरती दररोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते, एवढे लक्षात ठेवले की पुढच्या दिवसांचे गणित आपले आपल्यालाच करता येते.

केळवे की बोर्डी, असे विचाराल तर मी बोर्डी सांगेन. सुरूची बने दोन्हीकडे आहेत, परंतु केळव्याला मुंबई-विरारकडची गर्दी सुट्टीच्या दिवशी फार लोटते. बोर्डी-घोलवडला चिकूच्या वाड्या आहेत, जानेवारीत चिकू भरपूर मिळतो आणि सासूबाईंना सकाळी सावलीतून फेरफटका मारता येतो. देवदर्शनाची त्यांची इच्छा येताना वाटेत चारोटीजवळच्या महालक्ष्मीला पूर्ण होईल.

परिचारिका, नाशिकरोड

बालरुग्ण विभागात काम करत असल्याने आरोग्यापुरते लिहिते. किनाऱ्यालगतच्या बोअरचे पाणी पुष्कळदा मचूळ असते. साबणाला फेस आला नाही की ते लगेच कळते. अशा पाण्यात बाळाची वाटी-चमचा धुण्यास हरकत नाही, पण शेवटी ती उकळलेल्या पाण्यातून काढावीत. लहान विजेची किटली आणि एक चांगला थर्मास घरूनच न्यावा. पिण्यासाठी आणि नाचणीचे सत्त्व शिजवण्यासाठी सीलबंद बाटलीचे पाणीही उकळूनच वापरावे. पावडरचे दूध देत असाल तर पाणी उकळून थोडेच निवल्यावर, म्हणजे ७० अंशांच्या खाली जाऊ न देता, त्यात पावडर मिसळावी, मग ते दूध बाळाला सोसेल इतके गार करावे आणि तयार दूध दोन तासांहून अधिक काळ ठेवू नये. रात्री एकदाच करून ठेवण्याची सवय प्रवासात विशेष महागात पडते. पिकलेला चिकू कुस्करून, बिया काढून, चमचा-दोन चमचे देण्यास या वयात हरकत नाही. मध मात्र वर्ष पूर्ण होईपर्यंत बोटावरसुद्धा चाटवू नये, मग आजी काहीही म्हणोत.

समुद्रात बाळाला बुडवून काढण्याची हौस करू नये. पावले भिजवली एवढे पुरे, आणि लगेच गोड्या पाण्याने वाळू धुऊन, मांड्यांच्या घड्या कोरड्या पुसून सुती कपडे घालावेत, कारण लंगोटात राहिलेली वाळू रात्रभरात कातडी सोलून काढते. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत किनाऱ्यावर जाऊच नये. डासांसाठी उघडमीट होणारी मच्छरदाणी न्यावी आणि बंद खोलीत कॉइल लावू नये. झोपण्यासाठी हॉटेलचा स्पंजचा पलंग या वयाला धोक्याचा आहे, कारण बाळ त्यात रुतते आणि रांगू लागलेले असेल तर खालीही पडते. जमिनीवर कडक गादी घालून त्यावर घरची चादर ताणून घालावी आणि आजूबाजूला उशा ठेवू नयेत.

ओआरएसची पाकिटे, थर्मामीटर आणि तापाचे औषध सोबत असावे. त्याची मात्रा बाळाच्या सध्याच्या वजनानुसार तुमच्या डॉक्टरांकडून निघण्यापूर्वीच लिहून घ्यावी. जव्हार आणि डहाणू या दोन्ही ठिकाणी उपजिल्हा रुग्णालये आहेत आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका दोन्हीकडे येते. जुलाबांबरोबर बाळ मलूल झाले किंवा सहा तासांत लघवीच झाली नाही, तर नाशिकला परतण्याची वाट पाहू नये.

पेठरोडवाला

कोणी दमणचे नाव घेतले नाही म्हणून थोडक्यात लिहितो. पेठ, कपराडा, वापीमार्गे दमणही आपल्याला फार लांब नाही. लिफ्ट, जनरेटर आणि चोवीस तास माणूस असलेली हॉटेले तेथे तुमच्या खर्चात मिळू शकतात, जे बोर्डीला कठीण आहे. मात्र गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे शनिवार-रविवारी तेथे कोणत्या प्रकारची गर्दी होते, हे सांगायला नको. मंगळवार-बुधवार मिळत असेल तरच जावे आणि देवका सोडून जांपोर किनाऱ्याच्या बाजूला उतरावे.

गंगापूररोडकर

सर्वांचे मनापासून आभार. पंचांग सासूबाईंच्या ताब्यात असल्यामुळे अष्टमीचा मुद्दा त्यांना एका क्षणात पटला आणि गणपतीपुळ्याचा आग्रह त्यांनी स्वतःहून सोडला. आम्ही बोर्डीच्या बाजूची दोन घरगुती ठिकाणे फोन करून पाहिली. पहिल्या ठिकाणी स्वयंपाकघराची वेळ विचारताच ‘मॅडम, आल्यावर बघू’ असे उत्तर आले. दुसऱ्या ठिकाणच्या काकूंनी मात्र बाळाला खिचडीत तूप चालते का, असे उलट मलाच विचारले. वाडीकडची तळमजल्यावरची खोली न्याहारीसह २,४०० रुपयांना मिळत आहे. आता एकच शंका उरली आहे: सोमवारी सकाळी नाशिकहून निघून त्याच संध्याकाळी किनाऱ्यावर जावे का, की पहिला दिवस खोलीतच काढावा?

मूळचा चिंचणीकर, मुक्काम सातपूर

सकाळी सातला निघालात तर वाटेतले थांबे धरूनही दुपारी एकच्या आत पोहोचाल. बाळ जेवून झोपले की तुम्हीही पडून घ्या. ते उठल्यावर हसत-खेळत असेल तर साडेपाचला अर्धा तास सुरूच्या बनापर्यंत जाऊन या, आणि किरकिरत असेल तर वाडीतच फिरवा. काकूंना आदल्या रात्रीच फोन करून दोन गाद्या जमिनीवर घालून ठेवायला सांगा, आणि त्यांचे वेगळे पैसे लागतात का तेही तेव्हाच विचारून घ्या.