अनुभव धागा : मोरसला गेलेल्या माणसाचा माग

ज्यांच्या घरातलं कुणी समुद्रापार गेलं आणि कागदांवरून त्याचा माग लागला, त्यांनी इथे लिहावं. कुठला कागद कामी आला, तेही सांगा. सुरुवात मी करतो.

आमच्या आजीच्या बोलण्यात यायचं, "खापरपणजोबांचा थोरला भाऊ मोरसला गेला तो गेलाच." आम्हाला मोरस म्हणजे साखर एवढंच ठाऊक. मॉरिशसहून येणारी म्हणून तिला मोरस म्हणत, हे मला फार उशिरा कळलं. तोवर आजी गेली होती.

शोध घेतला तो मॉरिशसमधल्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या रजिस्टरांवरून. उसाच्या मळ्यांसाठी करारावर नेलेल्या मजुरांची पहिली तुकडी २ नोव्हेंबर १८३४ ला पोर्ट लुईला उतरली. पुढे कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तिन्ही बंदरांतून माणसं गेली. उतरलेल्या प्रत्येकाला एक क्रमांक मिळे. त्यापुढे बापाचं नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, जिल्हा, परगणा, गाव, जहाज आणि कुठल्या मळ्यावर पाठवलं, हे सगळं. कारकुनाने कानाला लागेल तसं लिहिलेलं. आमचा धोंडू तिथे 'डोंडू' झालाय, आणि असे डोंडू पुष्कळ. बापाचं नाव आणि गाव जुळलं तेव्हा कुठे आमचा सापडला. वय २२. शेवटच्या रकान्यात मृत्यूची तारीख होती. मी ती मोठ्याने वाचली आणि वडिलांनी उठून अंघोळ केली. १५० वर्षांनंतरचं सुतक.

मॉरिशसहून

माझं मराठी शाळेत शिकलेलं आहे, चुका समजून घ्या. घरी आम्ही क्रेओल बोलतो, पण गणपती बसतो, झाकरीची नाच-गाणी होतात, आणि गणेश चतुर्थीची देशभर सुट्टी असते.

माझ्याकडे उलटं होतं. क्रमांक होता, फोटो होता. १८६७ च्या कायद्यानंतर करार संपलेल्या जुन्या मजुरांना फोटो लावलेलं तिकीट जवळ बाळगावं लागे, नाहीतर पकडत. आमच्या पूर्वजाचा फोटो त्यातलाच. डोक्याला मुंडासं, नजर सरळ. त्याला पाहून माझी आई म्हणाली, हे तर मामा.

गाव मात्र सापडेना. रजिस्टरात 'करपतन', जिल्हा रत्नागिरी. नकाशावर सगळी रत्नागिरी पालथी घातली. शेवटी एका मालवणच्या बाईंना फोनवर तो शब्द वाचून दाखवला. त्या लगेच म्हणाल्या, "अहो, खारेपाटण!" ते आता सिंधुदुर्गात आहे, आणि तो जिल्हा १९८१ साली वेगळा झाला. मी आजच्या नकाशात कालचं गाव शोधत होतो. पोर्ट लुईत जिथे हे मजूर उतरत, त्या आप्रवासी घाटाच्या पायऱ्या मी लहानपणापासून चढलोय, पण त्यांच्या अलीकडचं टोक मला त्या फोनवर मिळालं.

लांजा

वरच्यांचं वाचून राहवलं नाही. आमच्याकडे मोडीतले जुने महसुली कागद होते, कुणी उघडत नसे. २०२३ मध्ये कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली, मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली, तेव्हा आम्हीही आमचे कागद वाचून घेतले. एका भावाच्या नावापुढे एकच शब्द : परागंदा. कुठे, का, काही नाही. पण त्याचा हिस्सा पुढच्या दोन पिढ्या कुणी आपल्या नावावर चढवला नव्हता. वाटणीच्या कागदात 'परदेशी गेलेल्याचा चार आणे' असा तो वेगळा दाखवलाय. इकडून शोधणाऱ्यांनी परदेशी रजिस्टरांआधी घरचे वाटणीपत्र, कोतवाल बुक (गावातल्या जन्म-मृत्यूंच्या नोंदी) आणि जुने फेरफार बघावेत. माणूस कधीपासून दिसेनासा झाला, ते तिथे कळतं, आणि मग जहाजांची वर्षं आवाक्यात येतात.

नाशिक

थोडक्यात लिहिते. त्र्यंबकेश्वरला आमच्या तीर्थोपाध्यांनी गावाच्या नावावरून वही काढली. यात्रेला आलेल्या पणजोबांनी स्वतः भावांची नावं सांगितलेली. एका नावावर पुढे कुठलीच शाखा नाही. घरात त्या नावाचा उच्चारही कधी झाला नव्हता.

अश्दोद, इस्रायल

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. आजोबा १९६० च्या दशकात आले. आमचं आडनाव 'कर'मध्ये संपतं, म्हणजे कागद नसला तरी गाव नावातच बांधून आणलेलं. त्या गावी, अलिबागजवळ, गेलो. कबरस्तानात एकाच दगडावर हिब्रू आणि मराठी. हिब्रू मी वाचलं, मराठी माझ्या ऐंशी वर्षांच्या आत्याने. दोन्ही जोडून पणजीचं नाव आणि साल पूर्ण झालं.

मूळ लेखक

लांजाकरांचं 'चार आणे' वाचून आज सकाळी गावी फोन केला. चुलत काका म्हणाले, "परड्यातल्या मोठ्या फणसाला आम्ही मोरसकाराचा फणस म्हणतो, तो कुणाचा म्हणून विचारायचं कधी सुचलंच नाही." पुढच्या आठवड्यात जातोय. वाटणीपत्र सापडलं तर त्यातलं मोडी इथेच टाकेन. कुणाला वाचता येत असेल तर मदत करा.