घोडी उघड्या पाठीवर बसू देईना, आठ दिवसांत दोनदा पाडलं

चिकोडीचा_ऊसवाला
मंडळी नमस्कार. माघात चिंचलीच्या मायाक्काला गेलो होतो, येताना वाटेत एका धनगराकडून तांबडी घोडी घेतली. "चार वर्षांची हाय, पोरंसोरं बसतात," म्हणाला. आईचं म्हणणं, ट्रॅक्टरचे हप्ते फिटले नाहीत आणि हे काय नवीन. तिचंही बरोबर आहे.

खोगीर घेतलेलं नाही. लहानपणी मामाच्या घोड्यावर पोतं टाकून बसायचो, तसंच बसायचं डोक्यात होतं. पहिल्यांदा बांधावरून चढलो. दहा पावलं नीट गेली, मग पाठीची कमान केली आणि मी सरीत. दुसऱ्यांदा पाय घट्ट आवळून बसलो तर चौखूर उधळली. "हो हो" म्हणून ओरडलो, लगाम ओढला, थांबलीच नाही. विहिरीच्या वळणावर मी एकीकडे, ती एकीकडे.

आता मी दावणीजवळ गेलो की कान मागं पाडते. धाकटी बहीण वाडं (उसाचे हिरवे शेंडे) घालायला गेली की मात्र तिच्या खांद्यावर मान टाकते. माझं वजन ७८ किलो. काय चुकतंय?

रानातला_गडी
भावा, एवढा विचार कशाला. नांगरलेल्या रानात घे, दोरीवर गोल गोल पळव, दमली की बस. ढेकळात तिला उसळता येत नाही आणि पडलास तरी लागत नाही. आमच्याकडं यात्रेच्या शर्यतीची घोडी अशीच तयार करतात.

तांगेवाल्याचा_पोरगा
माझे वडील बेळगाव स्टेशन ते शहापूर तांगा हाकायचे. माझं वय आता ६३, म्हणून हक्कानं तुला अरेतुरे करतो, राग मानू नको.

आधी तिचं तोंड उघडून बघ गा. धनगर काय बोलला ते सोड, दात खोटं बोलत नाहीत. बैलाचे बघतोस तसेच. मधले दोन दुधाचे पडून मोठे आले असतील तर अडीच वर्षं, चार आले तर साडेतीन, कडेचे आले तर साडेचार. वर आणि खाली दोन्हीकडं बघ. दुधाचे दात लहान, पांढरे, मुळाशी बारीक असतात. नवे मोठे आणि पिवळसर.

मग टेप घे. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर, आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही सेंटीमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. येईल ते अंदाजे किलो. त्याच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त वजन तिच्यावर नको. खोगीर नसेल तर त्याहून कमी. खोगिरानं वजन पसरतं. उघड्या पाठीवर तुझ्या बुडाची दोन हाडं तिच्या कण्याच्या दोन बाजूंना रुततात.

आता पाय आवळल्याचं. चौदाव्या वर्षी येळ्ळूरच्या रस्त्यावर मी असाच आवळून बसलो आणि गळ्याचं हाड मोडून घेतलं. पोटऱ्या आवळल्या की घोड्याला कळतं "चल". तो पळतो, आपण भिऊन आणखी आवळतो, तो आणखी पळतो. तू वर बसून पायानं "पळ" आणि तोंडानं "थांब" म्हणत होतास, तिनं कुणाचं ऐकायचं? मांड म्हणजे आवळणं न्हवं. मांड्या सैल, पाय लोंबते, तोल कमरेत. भीती वाटली तर आयाळ धर, लगाम धरून लोंबकळू नको, तिचं तोंड फाटेल.

नांगरलेल्या रानाचं गड्यानं बरोबर सांगितलं. दमवायचं मात्र पटत नाही. दमलेलं जनावर गप्प बसतं, पण त्याची भीती तशीच राहते. दुसऱ्या दिवशी ताजं झालं की परत तेच.

तू असं कर. पंधरा दिवस बसायचं नावच काढू नको. समोरून जाऊ नको, कपाळासमोर आणि शेपटीमागं तिला दिसत नाही. खांद्याच्या बाजूनं बोलत जा. आयाळ संपते तिथल्या उंचवट्यावर खरारा कर, बोटांनी खाजव. घोडी एकमेकींना तिथंच दातांनी खाजवतात. मान खाली आली, ओठ लोंबला की हात काढून चालता हो. तिला बरं वाटत असतानाच तू जायला पायजे. मग पाठीवर घडी घातलेलं घोंगडं, काढ, परत ठेव. मग बांधावर उभा राहून नुसता पोटावर आडवा पड, पाय टाकायचा नाही. तिनं कान मागं टाकले की उतर. पहिल्या दिवशी पाच श्वासांत उतरलास तरी चालेल.

आणि एक विचारायचं राहिलं. घोडी कुठल्या भाषेतली?

ढोरांची_डॉक्टरीण
काकांना जोड देते. मणक्याची हाडं सगळ्यात शेवटी पक्की होतात, पाच-साडेपाच वर्षांपर्यंत वेळ लागतो. म्हणून कोवळ्या घोडीवर बसलात तरी दहा मिनिटं, चालीनं, आठवड्यात दोन-तीनदा. दुडकी नको, त्यात धक्का सरळ कण्यावर येतो. बसायच्या आधी कण्याच्या दोन्ही बाजूंना बोटांनी दाबत जा. पाठ खाली चोरली किंवा शेपूट झटकली तर आधी दुखणं बघा, हट्ट समजू नका. कित्येकदा "खोडील" म्हणून विकलेल्या घोड्याची पाठ सोललेली असते. धनुर्वाताची लस घेतली नसेल तर लगेच टोचून घ्या. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो. आणि स्वतः डोक्याला हेल्मेट घाला, मोटारसायकलचं असलं तरी.

अंकलीकर
आमच्या गावातून दर वर्षी ज्येष्ठात माउलींचे अश्व आळंदीला चालत निघतात, शितोळे सरकारांच्या वाड्यातून. दोन असतात. एकावर स्वार बसतो, दुसऱ्यावर कुणीच नाही, तो माउलींचा. लाखभर माणसं, टाळ-मृदंग, आणि रिंगणात ते मोकळ्यावर धावतात. लोक म्हणतात देवाचं आहे. आहेच. पण वाटेतल्या प्रत्येक मुक्कामाला त्यांच्या अंगाला हात लावायला माणसं रांगेनं येतात, तेही सोसायची सवय लागलेली असते. धनगराची घोडी असेल तर तिलाही पाठीवर ओझ्याची सवय असणार. बिऱ्हाड, कोकरं, कोंबड्या, सगळं तिच्यावरच जातं. ओझं हलतं, पण पाय आवळत नाही, एवढाच फरक.

चिकोडीचा_ऊसवाला
सतरा दिवसांनी लिहूलालोय. दात बघितले. वर-खाली मधले दोनदोनच मोठे, बाकी दुधाचे. म्हणजे अडीचच्या पुढं, साडेतीनच्या आत. चार वर्षांची म्हणणाऱ्याला काय म्हणायचं ते आईनं म्हणून घेतलं. घेर १४५, लांबी १३५, वजन २३९ किलो आलं. पाचवा हिस्सा ४८. मी ७८, म्हणजे तिच्या वजनाचा तिसरा हिस्सा घेऊन बसलो होतो. लाज वाटली.

भाषेचं वाचून आधी हसलो. मग आठवलं, तो धनगर कन्नड बोलत होता, माझ्याशी तेवढं मोडकं मराठी. परवा घोडी दावं तोडून उसात शिरत होती. शेजारचे आण्णा बांधावरून "निल्ल!" म्हणून ओरडले आणि ती जागच्या जागी उभी राहिली. पाच महिने मी तिच्याशी मराठीत भांडत होतो. आता "बा" म्हणजे ये, "नडी" म्हणजे चाल, "निल्ल" म्हणजे थांब. मराठी हळूहळू शिकेल.

काल बहीण पोटावर आडवी पडली, मग पाय टाकून बसली. ४६ किलो, घोंगडं घालून, डोक्यावर माझं हेल्मेट. बांधापासून कोपऱ्यातल्या आंब्यापर्यंत गेली आणि आली. मी नुसती दोरी धरून पुढं. घोडीनं एकदा मागं वळून तिचा पाय हुंगला. आईनं गुळाचा खडा आणून दिला, म्हणाली हप्त्यातून कापून घे.

एक शंका. पाऊस लागला, रान चिखल झालं. सडकेवर चालवू का?

तांगेवाल्याचा_पोरगा
डांबरावर नको. नाल मारलेली नसेल तर खूर झिजतात, मारलेली असेल तर पावसात घसरते. गोठ्यापुढच्या अंगणात चार पावलं पुढं, चार मागं, "निल्ल" म्हटलं की थांबणं, एवढंच पक्कं कर. आणि बहिणीला सांग, बसताना मान खाली घालून घोडीकडं बघायचं नाही, पुढं आंब्याकडं बघायचं.

तुझा नंबर घोडी पाच वर्षांची झाल्यावर. तोवर तू जेवण कमी कर.